नवऱ्याचा ठावठिकाणा

स्मेल्ट कोव्ह
९ सप्टेंबर

प्रिय ग्लेंडा,

पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखलं आणि पाकीट न फोडताच चुलीवरच्या फळीवर ठेवून दिलं. दोन दिवस तसंच. जाता-येता बघायचो. नऊ वर्षांनी आलेलं अक्षर असं एकदम फाडून वाचायला हात होईना.

वाचलं काल. तीनदा वाचलं.

वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर बंद झालं हे वाईट झालं. एवढी वर्षं त्या म्हाताऱ्यांना तू लापशी भरवलीस, आणि मालकानं एका चिठ्ठीवर सगळ्यांना घरी पाठवलं. आणि कामाबरोबर विमाही गेला. मग त्या काखेतल्या गाठीचं लिहिलंस, तेही शेवटून दुसऱ्या ओळीत. ‘वाटाण्याएवढी आहे.’ बाजाराच्या यादीत लिहावं तसं. डॉक्टर म्हणतात लवकर काढा, आणि विमा दाखवल्याशिवाय तारीख मिळत नाही.

ग्रंथालयात बसून लोकांचे फॉर्म भरून देणारी ती होदान नावाची बाई भली दिसते. तिनं सांगितलेलं मला जेवढं समजलं ते असं. राज्याच्या विम्याच्या बाजारातून तुला स्वतःचा विमा घेता येईल, आणि तुझी मिळकत पाहता हप्त्याचा मोठा भाग सरकार भरेल. ती मदत नसेल तर तो हप्ता तुझ्या आवाक्यातला नाही. अडचण एकच. आपण कागदावर अजून नवरा-बायको आहोत. आणि नवरा-बायकोनं दोघांचं मिळून एकच कर-विवरण भरलं तरच ती मदत मिळते.

‘माझ्याबरोबर विवरण भरशील का? हो किंवा नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस,’ असं तू लिहिलंस.

हो.

बघ, लिहिलं. पण बाकी काही लिहू नको म्हणतेस ते कसं जमावं? मला पासष्टीला म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं कार्ड आलं. तुला त्याला अजून तीन वर्षं आहेत. आपल्यातलं वयाचं अंतर असं कधी आड येईल असं वाटलं नव्हतं. पूर्वी त्याची थट्टा व्हायची. तू म्हणायचीस, मी चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या उकरायला शिकत होते तेव्हा तू दाढी करत होतास.

एका कागदावर पुन्हा दोघांची नावं. सकाळपासून हेच डोक्यात आहे. मिस लंट बाईंच्या शाळेतली ती कविता तुला आठवते का? वाचनमालेचं पहिलं पान फाटलेलं होतं, त्यामुळे कवीचं नाव आम्हा पोरांना कधी कळलंच नाही. नाताळात दाराला लावायची फरच्या झाडांच्या शेंड्यांची चक्रं बांधताना मी तुला ती म्हणून दाखवायचो:

ओहोटी गेली दूर तरी वाळूत ओल राहते,
गेलेल्याची वाट कुणी दारात उभी पाहते.

तू गेलीस त्या वसंतापासून मी ही कविता मोठ्यानं म्हटली नव्हती. काल म्हटली.

काळजी करू नकोस. कागद मी बघतो.

तुझा
मर्टन


स्मेल्ट कोव्ह
२६ सप्टेंबर

प्रिय ग्लेंडा,

आर्लीनच्या दुकानातल्या फोनवर मी नीट बोललो नाही. गिऱ्हाइकं होती, आणि आर्लीन गल्ल्याशी तेच तेच बीन्सचे डबे वरखाली करत कान देऊन उभी होती. म्हणून आता लिहून सांगतो.

तू विचारलंस, ‘पुढच्या वर्षी तुझी मिळकत किती होईल? होदानला आकडा लिहायचाय.’

इथं कोणी पुढच्या वर्षाचा आकडा तोंडातून काढत नाही, हे तू विसरलीस? तुझा बाप तरी काढायचा का? चिखलात किती तिसऱ्या निघतील, ब्लूबेरी किती धरेल, फरचे किती शेंडे मोडून होतील, हे ज्यानं आधी बोलून दाखवलं त्याला समुद्र आणि रान दोघंही हात दाखवतात. सरकारला हे कोण समजावणार? त्यांच्या फॉर्मात रिकामी जागा आणि पुढं डॉलरचं चिन्ह.

म्हणून मी म्हटलं, अंदाजे सांगतो, जरा विचार करू दे. आणि मग तोंडातून शाळेतली दीपस्तंभावरची एक कविता सुरू झाली. का, ते मलाही ठाऊक नाही.

तू म्हणालीस, ‘मर्टन. तू कविता म्हणायला लागलास की मला कळतं, काहीतरी लपवतोयस. किती वर्षं भरला नाहीस कर?’

मी म्हटलं, ‘नऊ.’

मला वाटलं लाइन तुटली.

खरं सांगतो. ते कागद नेहमी तूच करायचीस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिवळी पेन्सिल कानाला लावून. तू गेल्यावर पहिल्या वर्षी मी तो फॉर्म घेऊन बसलो. ‘पत्नीचं नाव’ इथवर आलो आणि उठलो. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची भीती. मग ती साठतच गेली. मी पैसे रोखीनं घेतो, माझा कुठं पुरावा नाही, पावती नाही. होदान म्हणते ते बरोबर असेल. माझी मिळकत दाखवायची तर ते पुरावा मागणार, आणि पुरावा मागायला लागले की नऊ वर्षं मागे जाणार. तू म्हणालीस, ‘तुझ्या नऊ वर्षांच्या चिखलात मी माझी सही बुडवू?’ नको बुडवूस.

तू फोन ठेवल्यावर आर्लीन म्हणाली, ‘कोण होतं रे?’

‘बायको.’

‘बायको? उन्हाळ्यात येणाऱ्या त्या बोस्टनच्या पाहुण्यांना तर तू सांगितलंस की ती वारली. बाईनं डोळ्यांना रुमाल लावला होता. तुझ्याकडून दोन चक्रं जास्त घेतली.’

‘वारली असं नाही म्हटलं. गेली म्हटलं.’

‘हो का? तुझ्या तोंडी बरं सगळं गुळगुळीत असतं,’ आर्लीन म्हणाली. ‘नऊ वर्षं कर चुकवणारा कवी. तुरुंगात तुला मोठा मान मिळेल.’

तिनं हे दुकानात भरलेल्या माणसांसमोर म्हटलं. मी हसलो. घरी आल्यावर नाही हसू आलं.

आता तू दुसरा मार्ग काढलास, घटस्फोटाचा. तू एकटी झालीस की एकटीच्या मिळकतीवर मदत मिळेल. विम्याची खिडकी नोव्हेंबरात उघडते आणि पंधरा जानेवारीला वर्षभरासाठी बंद होते. त्याच्या आत कोर्टाचा निकाल हातात पाहिजे. मी संमतीसुद्धा द्यायची गरज नाही, फक्त ‘कागद मिळाले’ एवढ्या पावतीवर सही करून परत पाठवायची. तिथून साठ दिवस मोजतात. हे सगळं मला कळलं आहे. कागद हातात द्यायला शेरीफला माझ्या दारात पाठवणार नाहीस, म्हणालीस, माझ्यावर विश्वास ठेवतेस. तो विश्वास मी फोल ठरवणार नाही.

कागद पाठव.

मर्टन


स्मेल्ट कोव्ह
१५ ऑक्टोबर

प्रिय ग्लेंडा,

कागद अजून आले नाहीत. आमच्याकडचं टपाल तुला ठाऊकच आहे, पूल दुरुस्तीला काढलाय, गाडी फेरा मारून येते.

यंदा शरद ऋतू लांबलाय. अंगणातलं मेपल अजून अर्धं लाल, अर्धं हिरवं. दुपारी बिनकोटाचं हिंडता येतं. रानात गेलो होतो, फर नुसती मऊ. अजून एकही कडक गारठा नाही. तीन गारठे पडल्याशिवाय शेंडा मोडायचा नाही, नाहीतर बांधलेलं चक्र नाताळच्या आत झडतं, हे तूच एकदा कुणा नवख्याला समजावताना मी ऐकलं होतं. गडबड करून काही चांगलं होत नाही, हाच रानाचा धडा.

शाळेत एक कविता होती, तिच्यात म्हातारा माळी म्हणतो की पिकल्या फळाला हात लावायची गरज नसते, ते आपणहून ओंजळीत येतं. मिस लंट बाईंचे डोळे त्या ओळीला भरून यायचे.

गाठ कशी आहे? दुखते का? तू लिहिलं नाहीस.

मर्टन


स्मेल्ट कोव्ह
२ नोव्हेंबर

ग्लेंडा,

अजून नाही आले. कदाचित तुझ्या त्या कोर्टातल्या कारकुनानं पत्ता चुकीचा घातला असेल. पुन्हा पाठवायला सांग. एक गारठा झाला, परवा. दुसरा होईल असं वाटतंय.

म.


स्मेल्ट कोव्ह
१९ नोव्हेंबर

प्रिय ग्लेंडा,

कागद सहा ऑक्टोबरला आले होते.

मी आज पावतीवर सही केली. ती ह्या पाकिटात आहे. ती आधी काढून घे, मग हे वाच, किंवा वाचू नकोस.

सहा ऑक्टोबरला आर्लीननंच पाकीट माझ्या हातात दिलं. टपालाचा कोपरा तिच्याकडेच आहे, तुला माहीत आहे. तिनं पाकीट चाचपलं आणि म्हणाली, ‘कोर्टाचं आहे. काय केलंस?’ मी म्हटलं, जमिनीचं काहीतरी. घरी आलो आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. रोज भाकरी करायला पीठ काढताना ते दिसायचं. मग मी पीठ काढणं बंद केलं. महिनाभर दुकानचा पाव खाल्ला.

मी काय ठरवलं होतं ते सांगतो, म्हणजे तुला मी किती मूर्ख आहे ते नीट कळेल. ठरवलं होतं की तीन गारठे पडले की सही करायची. आधी नाही. आपण दोघांनी बावीस वर्षं त्याच नेमानं शेंडे मोडले. त्याच नेमानं हेही मोडावं, असं काहीतरी वाटलं. हे कवितेसारखं वाटलं मला. ऑक्टोबर संपला, एक गारठा पडला. नोव्हेंबरच्या नऊला दुसरा. मी रोज पहाटे दार उघडून गवताला हात लावून बघायचो आणि गवत नुसतं ओलं लागलं की मला हायसं वाटायचं. तुला सांगायला लाज वाटते. हायसं.

तिसरा आज पहाटे पडला. दुपारी आर्लीन स्वतः गाडी घेऊन दारात आली. तू तिला फोन केला होतास, कागद पोचले का म्हणून.

गाडीतून न उतरताच ओरडली, ‘मर्टन! तुझी बायको विचारतेय पाकीट आलं का. मी तुझ्या हातात दिलं. ह्या माझ्या हातानं. आता मी तिला काय सांगू? की टपालखातं खोटारडं आहे?’

‘मी आज सही करणारच होतो. तिसरा गारठा—’

‘कसला गारठा?’ ती उतरली. आर्लीनला तू ओळखतेस, ती उतरली म्हणजे गोष्ट संपली. ‘तिला गाठ आहे म्हणे. काखेत. तुला माहीत होतं?’

‘होतं.’

तिनं पुन्हा गाडीचं दार धरलं. मग म्हणाली, ‘माझ्या बहिणीला होती. काखेतच. आम्ही म्हटलं, ब्लूबेरीचा हंगाम होऊ दे, मग बघू.’ आणि गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, ‘आत जा आणि सही कर. मी इथंच थांबते.’

इंजिन चालू ठेवून ती थांबली. मी आत जाऊन सही केली. पेन चालेना म्हणून पेन्सिलीनं केली, मग वाटलं पेन्सिल चालणार नाही, म्हणून पेनला चुलीवर ऊब देऊन पुन्हा त्याच्यावरून गिरवली. म्हणून ती तशी जाड दिसते. काही कट नाही त्यात.

आता साठ दिवस आजपासून. मी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. जानेवारीच्या सतरा-अठराला येतात. खिडकी पंधराला बंद.

मला कळतंय मी काय केलं.

मर्टन


स्मेल्ट कोव्ह
२१ डिसेंबर

प्रिय ग्लेंडा,

तुझं पत्र मिळालं. मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहितोय, एवढं तरी शिकलो.

कोर्टाची तारीख तीन फेब्रुवारी. म्हणजे निकाल येईल तेव्हा विम्याची खिडकी बंद होऊन तीन आठवडे झालेले असतील, आणि ती पुन्हा उघडणार पुढच्या नोव्हेंबरात. गाठ आता अक्रोडाएवढी, आणि बाजूला दुसरी. रुग्णालयाचा धर्मादाय कक्ष अर्ज बघतोय म्हणाला आणि बघतोच आहे. हे तू सगळं एका दमात, एकाही शिवीशिवाय लिहिलंस. शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग होदाननं शोधून काढलेल्या तिसऱ्या मार्गाचं. मी ते चार वेळा वाचलं. फॉर्मात लग्न झालं आहे का हे विचारतात तिथं एक सवलत आहे. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं, आणि नीट शोध घेऊनही ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, तिनं स्वतःला अविवाहित लिहिलं तरी चालतं. शपथेवर. मग ती एकटीची मिळकत, एकटीचं विवरण, आणि सरकारची मदत. कोर्ट नको, साठ दिवस नकोत. पंधरा जानेवारीच्या आत बटण दाबलं की पहिल्या फेब्रुवारीपासून विमा.

आणि तू होदानला ‘नाही’ म्हणालीस.

तुझे शब्द उतरवून ठेवतो, मला ते डोळ्यांसमोर हवेत. ‘मी तिला म्हटलं, बाई, मी खोटं लिहिणार नाही. एक तर त्यानं मला टाकलं नाही, मी निघून आले, सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुसरं म्हणजे त्याचा ठावठिकाणा लागत नाही कसं म्हणू? तो दर दोन आठवड्यांनी पत्र पाठवतो. वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव घालतो. त्यात कविता असतात.’ होदान हसली, आणि मग रडली, असं लिहिलंस.

दुसऱ्याबद्दल मग बोलू. पहिल्याबद्दल आत्ताच.

गावाला काय ठाऊक आहे? गावाला मी सांगितलं ते ठाऊक आहे. वसंतात तू दोन बॅगा घेऊन बसमध्ये चढलीस, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधीचा नोव्हेंबर कुणी पाहिला?

तेव्हाही गाठच होती. छातीत, डाव्या बाजूला. मॅकायसच्या रुग्णालयात मंगळवारी सकाळी आठला पोचायचं होतं. सोमवारी रात्री तू कपडे काढून ठेवलेस, थर्मास धुऊन ठेवलास. मंगळवारी पहाटे तिसरा गारठा पडला. मी म्हटलं, दोन तास रानात जाऊन येतो, पहिल्या मोडणीचे शेंडे सगळ्यात चांगले, साडेसहाला दारात असतो. तू म्हणालीस, ‘मर्टन, आज नको.’ मी म्हटलं, साडेसहाला.

मी साडेसहाला टेकडीवरून घर बघत उभा होतो. स्वयंपाकघरात दिवा लागला. तू दोनदा दारात आलीस. मग गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव तू हातानं पुसलंस, आणि निघालीस. मी ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं तुला, तेवढंच अंतर होतं. मी ओरडलो नाही. मला ते बघायचं नव्हतं, ग्लेंडा. ती पांढरी खोली, तुझ्या अंगावरचा तो कागदी झगा. माझी आई तशा खोलीत गेली ती आली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही.

मग मी शिकारीच्या झोपडीत गेलो आणि तिथंच राहिलो. अकरा दिवस. तू टाके घालून एकटी घरी आलीस, लाकडं एकटीनं आत आणलीस. बाराव्या दिवशी मी ट्रकभर शेंडे घेऊन आलो आणि दारातच एक कविता म्हटली. तू दार उघडून बाजूला झालीस. काहीच बोलली नाहीस, पार एप्रिलपर्यंत.

ती गाठ साधी निघाली, म्हणून मला वाटायचं काही बिघडलं नाही.

तू आर्लीनला तेव्हा सांगितलंस की मी ताप येऊन पडलो होतो, म्हणून तू एकटी गेलीस. मी ते मागाहून ऐकलं. माझ्यासाठी खोटं बोललीस, आणि आता स्वतःच्या जिवासाठी बोलत नाहीस.

तुला शपथेवर लिहायचंय ना, तर लिही. ‘त्यानं मला टाकलं.’ अकरा दिवस टाकलं, आणि बाकीची नऊ वर्षं त्याचं व्याज. फॉर्ममध्ये हा प्रश्न असेल तर तो फॉर्म मी भरला असता तरी माझं उत्तर तेच असतं.

आर्लीनला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘सगळ्यात सोपं म्हणजे तू मर. विधवेचा विमा एका दिवसात होतो.’ आणि मग लगेच ‘बस, कॉफी पी,’ म्हणाली.

मी मरणार नाही. ते केलं तर तुला इथं यावं लागेल, दफनाला, बर्फातून, ह्या अवस्थेत. आणि लोक तुझ्याच तोंडाकडे बघतील. तेवढं काम मी तुझ्यावर टाकणार नाही.

दुसऱ्या अडचणीचा विचार करतोय.

मर्टन


६ जानेवारी

ग्लेंडा,

हे शेवटचं. ह्या पाकिटावरचा शिक्का वाचत बसू नकोस, त्यावरून काही कळणार नाही. एका अनोळखी माणसाला वाटेत टपालात टाकायला देतोय, तो उलट्या दिशेला चाललाय.

घर बंद केलं. पाण्याचे नळ मोकळे केले, नाहीतर फुटतील. किल्ली कुणाकडे दिली नाही. ट्रक विकला, घेणारा त्याच दिवशी तो घेऊन दूर गेला. शाळेची वाचनमाला चुलीत टाकली. तिच्यावर माझं नाव होतं.

आर्लीनला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तू फोन करशील तेव्हा तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि तिच्यानं ते होत नाही. सकाळी तिच्या दुकानात गेलो, पाव घेतला. ती म्हणाली, ‘आज रान नाही का?’ मी म्हटलं, नाही. ‘तोंड का असं? चक्रं खपली नाहीत?’ खपली, म्हटलं. ‘मग उद्या ये, उकडलेली डुकराची मांडी आहे, तुझ्यासाठी हाड ठेवते.’ मी बरं म्हटलं. उद्या ती हाड काढून ठेवेल. तिच्याशी एवढं मात्र खोटं बोललो.

आता तू काय करायचं ते लिहितो, क्रमानं कर.

आर्लीनला फोन कर, मी कुठं आहे विचार. ती चिडेल, शोधेल, घरी जाऊन दार ठोठावेल. मग तुला सांगेल की पत्ता नाही. ती कधी काय म्हणाली ते तारखेसह लिहून ठेव. मग माझ्या पत्त्यावर पोच मागणारं एक पत्र पाठव, ते परत येईल. त्याची पावती जपून ठेव. मग तिसरी चौकशी शेरीफच्या कचेरीत. मागे तू माझ्या लाजेखातर त्याला पाठवलं नाहीस, आता पाठव. तो चार घरं विचारेल. कुणालाही काही ठाऊक नाही. मी कुणालाच ठाऊक होईल असं काही केलेलं नाही, आणि जिथं जातोय तिथं माझं नाव घेणारं कुणी नाही. तिथं हिवाळा काढता येईल, एवढंच. मला थंडीची सवय आहे.

होदानला पंधराच्या आत गाठ. तेराला गेलीस तर बरं, शेवटच्या दिवशी गर्दी असते म्हणतात. माझी जुनी पत्रं तिला दाखवू नकोस. ती जाळून टाक. तू ठेवणारी आहेस, मला ठाऊक आहे, म्हणून दोनदा लिहितो: जाळ.

कोर्टाचं तीन फेब्रुवारीला होऊ दे तसं. मी येणार नाही, न आल्यानं अडत नाही असं त्या कागदावर लिहिलेलं आहे. मी तो आता नीट वाचला आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुझी ऑपरेशनची तारीख लागेल. मॅकायस नाही, तिकडे तुझ्या लुइस्टनलाच. गाडी चालवत जाऊ नकोस. होदानला विचार. ती येईल, तुझ्या पत्रातून मला ती तशी वाटली. दोन गाठी आहेत म्हणालीस. डॉक्टर काय म्हणाले ते तू मागच्या पत्रात लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही, आणि आता विचारायला जागा नाही. उशीर झाला असेल तर तो उशीर माझा आहे. सहा ऑक्टोबर ते एकोणीस नोव्हेंबर, हे सगळे दिवस माझे. तुला कधी वाटलं की आपल्याकडून काही राहिलं, तर नाही. तू वेळेवर लिहिलं होतंस.

उत्तर लिहू नकोस, लिहून ठेवू पण नकोस. मला कुठं पाठवायचं हे तुला ठाऊक नाही. आर्लीनला नाही, शेरीफला नाही, मलाही अजून पुरतं नाही.

होदान समोर बसवून विचारेल, पती कुठं आहे. घाबरू नकोस. ‘माहीत नाही’ म्हण. ते खरं आहे, ग्लेंडा. सही कर.